मागच्या खोलीत मेलं कोण?

सजीव आणि निर्जीव यांतला फरक मी गेली कित्येक वर्षं शाळेत शिकवते, आणि माझे बहुतेक विद्यार्थी आजही जिवंत आहेत.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा प्रकार ऐकला की लोक माझ्या पदवीची चौकशी करतात. पदवी खरी आहे. धडाही तोंडपाठ आहे. सजीव हालचाल करतात, खातात, श्वास घेतात, वाढतात, टोचलं की दचकतात, नको ते शरीराबाहेर टाकतात आणि आपल्यासारखे आणखी सजीव जन्माला घालतात. (या व्याख्येत आमचे हे रविवारी दुपारी बसत नाहीत. पण अपवाद कुठे नसतात!)

आमचं घर लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या महामार्गापासून थोडं आत. मागे शेत आणि शेतामागे डोंगर. कंपनीतून लवकर निवृत्ती घेऊन घरी बसलेल्या माणसाला काहीतरी सुचतंच, तसं आमच्या ह्यांना सुचलं, की मागची खोली मुंबई-ठाण्याच्या पाहुण्यांना राहायला द्यायची. "लोक डोंगर बघायला येतात गं! आपल्याकडे डोंगर फुकट आहे!"

डोंगर फुकट होता, खोली मात्र नव्हती. मागची खोली म्हणजे माझ्या सासूबाईंचं संस्थान. भाताची पोती, कांद्याच्या माळा, वालाचं बियाणं, आणि सासऱ्यांच्या लग्नातला एक रेडिओ, जो सासऱ्यांच्या आधीच गेला होता. हे सगळं हलवायचं म्हटल्यावर सासूबाईंनी ओटीवर बैठक मारली.

"विल्या, खोली घे. पण माजी एक अट हाय. पयला पाव्हणा नाक मुरडून गेला, तर दुसऱ्या दिवशी माजं भात परत खोलीत. मग तुजा तो पंखा नि तुजं ते पांढरं छप्पर, काय बी ऐकणार नाय."

"कबूल!" हे म्हणाले.

मला ह्यांची काळजी वाटली. निवृत्तीनंतर हा माणूस पहिल्यांदाच सकाळी दाढी करायला लागला होता, इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीचा रंग निवडत होता, शीळही वाजवत होता. खोली गेली असती तर तो परत लुंगीवर येऊन माझ्या स्वयंपाकात मीठ किती ते सांगत बसला असता. तेव्हा खोली वाचवणं हा माझ्याही जिवाचा प्रश्न होता.

खोली रिकामी करताना शेवटी एक गड्डा निघाला. सुरणाचा. हत्तीचा पाय कापून ठेवावा तसा करडा, खरबरीत, चांगला परातीएवढा. वर मधोमध खळगा आणि खळग्यात करंगळीएवढं एक गुलाबी टोक.

"त्यो नीट ठेव गं," सासूबाई म्हणाल्या. "माज्या माहेरचं बियाणं हाय, भिवपुरीचं. पावसाच्या आत लावायचाय. जिवंत हाय त्यो!"

जिवंत! आणि हे कुणाला सांगत होत्या? मला! मी गड्डा टेबलावर ठेवला आणि धडा लावला. हालचाल? नाही. अन्न? दिवाळीपासून पाण्याचा थेंब नाही. श्वास? पर्समधला छोटा आरसा काढून त्याच्यासमोर धरला. तेवढ्यात हे आत आले.

"काय करतेस?"

"श्वास बघतेय."

"कुणाचा?"

"सुरणाचा."

"बरं," म्हणाले आणि आल्या पावली बाहेर गेले. (संसार इतकी वर्षं टिकतो तो या 'बरं'वर.)

शेवटची परीक्षा म्हणून केसातला आकडा काढला आणि गड्ड्यात खुपसला. हूं नाही की चूं नाही! निकाल लागला. निर्जीव. मेलेला. सासूबाईंना तसं सांगायची मात्र छाती झाली नाही. माहेरचा सुरण म्हणजे जवळजवळ भाऊच.

आता खोलीची सजावट माझ्याकडे होती. शहरातल्या माणसाला खेड्यातलं काहीतरी लागतं, म्हणून मी माळ्यावरची एक छोटी कणगी काढली. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची उभी टोपली, शेणाने सारवलेली. ही आपली मांडीएवढी उंच. तिच्यावर मी पांढऱ्या रंगाने नाचणारी माणसं काढली. शेजारच्या वाडीतली एक बाई बराच वेळ बघून म्हणाली, "बाई, बेडूक छान काढलेत हो." वर झाकण, झाकणावर दिवा. झकास! फक्त पंखा लावला की कणगी दिव्यासकट आडवी व्हायची. तिच्या पोटात काहीतरी वजनदार हवं होतं. वजनदार, आणि मेलेलं.

तुम्ही ओळखलंत. मीही तेव्हा स्वतःला फार हुशार समजले होते.

"सुरण नीट ठेवलास का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नीट ठेवलाय."

"कुठं?"

"अंधाऱ्या, कोरड्या जागी." (यात एक शब्द खोटा असेल तर सांगा!)

मग रंगाची, पलंगाची, पडद्यांची गडबड सुरू झाली. मे संपत आला तरी सुरण लावायची आठवण कुणालाच राहिली नाही. रोज खोली झाडताना मला एवढंच दिसायचं, की कणगीवरचा दिवा जरासा तिरका झालाय. मी सरळ करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरका.

"अहो, दिव्याला हात लावू नका."

"मी कशाला लावू?"

"मग काय, झाकण आपोआप वर येतं?"

"जमीनच तिरकी असेल," हे म्हणाले, आणि जमिनीची पातळी बघायला गवंड्यासारखा पाण्याचा पाइप घेऊन दुपारभर खोलीत रांगले. जमीन सरळ निघाली. म्हणून मग आम्ही मांजराला हाणलं.

पहिले पाहुणे शनिवारी दुपारी येणार होते. ठाण्याचे साने काका-काकू. वयस्कर, शांत, शुद्ध शाकाहारी. शुक्रवारी सकाळी मी नवी चादर घालायला खोलीचं दार उघडलं आणि तशीच चादरीत तोंड खुपसून बाहेर आले.

वास! सभ्य शब्दांत सांगायचं तर, मेलेल्या उंदराने मेलेला मासा खाऊन ढेकर द्यावी, तसा वास!

"अहोऽ!"

हे आले. आत गेले. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "उंदीर मेलाय."

"उंदराचा एवढा?"

"मग उंदरांचं अख्खं कुटुंब मेलंय."

सासूबाई काठी टेकत आल्या. दारातच खोल श्वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालासुद्धा पाहिलं नव्हतं. "मढ्याचा वास हाय हा," त्या गोडीने म्हणाल्या. "वाईट झालं रं विल्या. उद्या पाव्हणं येणार ना?"

शेजारच्या नानांना बोलावलं. नानांना नाकाचा फार अभिमान. कुणाच्या घरी काय शिजतंय ते रस्त्यावरून सांगतात, आणि दोनदा बरोबरही आलंय. ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, डोळे मिटले, हुंगलं.

"घूस," ते म्हणाले. "मादी. वर, छपरात."

"नाना, ते पीओपी आहे! आत्ताच केलंय!" हे कळवळले.

"आता रडून काय व्हतंय! घूस पीओपी बघून मरत नाय."

नानांनी करवत आणली. छत कापलं. पांढऱ्या भुकटीत नाना आणि हे दोघंही पिठीसाखरेत घोळलेल्या लाडवांसारखे दिसायला लागले. छपरातून एक पेचकस पडला, (सुतार विसरून गेला म्हणून हे रागावले, तर तो ह्यांचाच निघाला) आणि घूस काही पडली नाही.

"सरकली वाटतं," नाना म्हणाले.

"मेलेली?" मी विचारलं. कुठेतरी धडा जागा होताच!

"वास तर खालून येतोय आता. मोरीत बघा."

मोरीची फरशी उचलली. पलंग उलटा केला. कपाट भिंतीपासून ओढलं. शेवटी ह्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत विचारलं, "तू परवा आवळ्याचं काहीतरी करून कुठे ठेवलं होतंस का?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही आणि देणारही नाही.

या सगळ्या उत्खननात कणगी आम्ही दोनदा उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवली. तिच्याभोवती माश्यांचा थवा घोंगावत होता. तो बघून मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बघा, चित्रं इतकी जिवंत झालीत, की माश्यासुद्धा फसतायत!"

शनिवार उजाडला. छताला भोक, मोरीला खड्डा, आणि वास जिथल्या तिथे. आम्ही धूप घातला, फिनेल ओतलं, मोगऱ्याच्या अत्तराचा फाया पंख्याला बांधला. त्यामुळे आता मोगरा माळलेलं मढं फिनेलने अंघोळ करून बसल्यासारखं वाटायला लागलं.

"सुकट भाजू का?" सासूबाईंनी विचारलं. "सुकटीच्या वासात मेलेला हत्ती बी लपतो."

"आई, ते शाकाहारी आहेत!"

"खायाला कोण देतंय त्यास्नी? नुसता वास देते."

आणि हे व्याकुळ होऊन चक्क म्हणाले, "भाज!" त्या क्षणी मला कळलं, की माझा नवरा बुडतोय.

रिक्षा दारात थांबली तेव्हा घरातून सुकटीचा, धुपाचा आणि त्या तिसऱ्या अनामिकाचा असा एकत्र लोट बाहेर पडला. साने काका खाली उतरले आणि क्षणभर थबकले. काकू उतरल्या आणि त्याही थबकल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसले. फारच सोज्वळ माणसं!

खोलीत गेले. बाहेर येऊन काका म्हणाले, "अंघोळीला गरम पाणी मिळेल का?"

थोड्या वेळाने काकू आल्या. "मीही करून घेते."

मग परत काका. मग परत काकू. संध्याकाळपर्यंत ती दोघं आळीपाळीने आमच्या घरातल्या मोरीत अंघोळी करत होती. हे खूश. "बघ! आपल्या विहिरीचं पाणी आवडलं त्यांना!" सासूबाई ओटीवर बसून प्रत्येक अंघोळीनंतर दोघांची नाकं निरखत होत्या, मुरडली का ते बघायला. नाकं सरळ होती. फक्त काकांनी मोजे तुळशीजवळ वाळत घातले होते आणि त्यांच्याकडे ते दुरूनच संशयाने बघत होते.

दिवेलागणीला जेवायची पानं घेतली. पिठलं, भाकरी, कैरीची चटणी. नानाही आले होते. घूस सापडेपर्यंत त्यांना घास गोड लागणार नव्हता. इतक्यात आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकू पदर सावरत धावत आल्या.

"अहो, तुमच्या त्या टोपलीत काहीतरी जिवंत आहे! झाकण वर आलं आणि दिवा खाली पडला!"

"जिवंत?" हे उठले. "आम्ही तर मेलेलं शोधतोय!"

झालं! पाहुण्यांसमोर बोलून बसले. काका घास हातात धरून विचारू लागले, "मेलेलं... म्हणजे कोण?"

"साप असंल," नाना म्हणाले. "मेलेली घूस गिळून बसलाय." नानांनी घूस काही सोडली नाही.

वरात निघाली. पुढे नाना काठी घेऊन, मागे हे मासे धरायचं जाळं घेऊन, त्यामागे मी हातात झाडू, मग सासूबाई, आणि शेवटी काका-काकू एकमेकांचा हात धरून. खोलीत फुटलेल्या दिव्याचे तुकडे पडले होते आणि कणगीचं झाकण एका बाजूला उचललेलं होतं, कुणीतरी आतून डोकावावं तसं. नानांनी लांबूनच काठीने झाकण उडवलं.

आत एक गडद तांबडं, सुरकुतलेलं, ओलसर चकाकणारं काहीतरी होतं. माणसाच्या मेंदूसारखं. भोवती जांभळ्या मांसाची झालर. वासाचा भपका असा आला, की नानांच्या त्या सुप्रसिद्ध नाकाने जागीच राजीनामा दिला.

"अगं आई गं!" हे म्हणाले. "काय आहे हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात विज्ञान माझ्याकडे! मी झाडू सरसावला, दोन पावलं पुढे झाले, नीट निरीक्षण केलं आणि जाहीर केलं, "हा अवयव आहे."

"कुणाचा?"

"मोठ्या प्राण्याचा. बहुतेक फुफ्फुस. आणि," मी ठामपणे म्हणाले, "हे पूर्णपणे मेलेलं आहे."

नाना म्हणाले, "पोलीस पाटलाला बोलवा." सासूबाई म्हणाल्या, "आधी माजं भात आत आणा." हे मटकन पलंगावर बसले. त्यांचा इस्त्रीचा शर्टसुद्धा सुरकुतला. मला भडभडून आलं, गेली खोली!

काका मात्र नाकाला रुमाल लावून पुढे आले. त्यांनी मोबाइल काढला, फुफ्फुसाचा फोटो घेतला आणि मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा म्हणतोय, हे फूल आहे. सुरणाचं."

"सुरणाला फूल?" सासूबाई भडकल्या. "सारा जन्म गेला सुरण लावण्यात! कदी फूल नाय बघितलं! खोटं बोलतोय मोबाइल!" आणि त्यांनी कणगी सरळ आडवी केली. खालून परिचयाचा, हत्तीच्या पायासारखा गड्डा बाहेर आला.

गड्ड्यामागोमाग माश्याही बाहेर आल्या.

"हा तर माज्या माहेरचा!" सासूबाई म्हणाल्या. मग मान हळूहळू माझ्याकडे वळली. "मास्तरीणबाई, तुमी ह्याला नीट ठेवला होता ना?"

"नीटच ठेवला होता! बघा ना केवढा फुललाय!"

"टोपलीत? दिव्याखाली?"

"तो मेला होता आई! मी तपासला होता! आरसा धरला, आकडा टोचला, हूं नाही की चूं नाही!"

"माज्या माहेरच्याला आकडा टोचलास?"

काका पुढचं वाचत होते. "गड्डा वेळेत लावला नाही, तर कधीकधी माती-पाण्याशिवायच फुलतो, असं लिहिलंय. सडक्या मांसासारखा वास सोडतो, म्हणजे माश्या आणि किडे येतात. परागीभवनासाठी. फूल गरमही होतं म्हणे."

मी हात जवळ नेला. खरंच उबदार होतं! हललं होतं, वाढलं होतं, दिवा पाडला होता, ऊब धरली होती, वास सोडला होता आणि आता वंश वाढवायची तयारी! माझा अख्खा धडा, एकही मुद्दा न गाळता, त्या निर्जीवाने माझ्या तोंडावर वाचून दाखवला. आणि ते ओळखलं कुणी? मोबाइलने. म्हणजे त्या खोलीतल्या एकमेव खऱ्या निर्जीवाने!

"म्हणजे लग्नाचं आवताणच म्हणा की," सासूबाई म्हणाल्या. "पर असल्या वासावर येणार कोण?"

सगळ्यांची नजर साने काका-काकूंवर गेली.

काकू काकांकडे बघत होत्या. "म्हणजे... ते तुम्ही नव्हता?"

"मी? मला वाटलं तू!"

"म्हणून चार वेळा अंघोळ केलीत?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून आधी माझ्यापासून सुरुवात केली!"

"आणि मी मनाशी म्हणतेय, वय झालं बिचाऱ्यांचं, बोलायचं कसं!"

आणि ती दोघं पलंगावर बसून अशी हसायला लागली, की पलंग हलला आणि छताच्या भोकातून उरलेलं पीओपी ह्यांच्या डोक्यावर पडलं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "ह्यांनी आत्ता जे सांगितलं, तेवढं गोड लग्न झाल्यापासून काही सांगितलं नव्हतं!"

त्या रात्री काका-काकू ओटीवर झोपली आणि नव्या चादरीच्या, नव्या पंख्याच्या खोलीत एकटा सुरण झोपला. सकाळी वास पुष्कळ उतरला होता. निघताना सासूबाई दारात काठी रोवून उभ्या, नाकांची शेवटची तपासणी करायला. काकांनी बॅग उचलली, कणगीकडे पाहिलं, आणि त्यांचं नाक वर गेलं.

"मुरडलं!" सासूबाई ओरडल्या. "विल्या, मुरडलं! मी बघितलं!"

"आई, ते हसतायत गं!"

"हसताना बी मुरडलंच की!"

खोली पुन्हा काठावर. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. इतक्यात काकूंनी आत जाऊन त्या तांबड्या फुलाला चक्क हात जोडले. "आजी, असलं फूल आम्ही आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी माझ्या बहिणींना घेऊन येते. तुमच्या माहेरचं ना हे?"

सासूबाईंची काठी खाली आली. "भिवपुरीचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडलं सगळंच असं फुलतं. नीट ठेवलं तर." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मग ह्यांना म्हणाल्या, "विल्या, खोली राहू दे. पर तो कोपरा माज्या सुरणाचा. नि ते भोक बुजव, पाव्हण्यांच्या डोक्यावर पांढरं पडंल."

आता पाहुणे येतात तेव्हा खोली सासूबाईच दाखवतात. डोंगर नंतर, आधी कोपरा. फूल वाळल्यावर तो गड्डा त्यांनी माझा हात लागू न देता परसात लावला आणि पहिल्या पावसात त्याने छत्रीएवढं पान काढलं. ह्यांची दाढी रोज होते. माझ्या स्वयंपाकातल्या मिठाबद्दल आता सगळे पाहुणे बोलतात, पण ते वेगळं.

परवा रविवारी दुपारी जेवून मी मागच्या खोलीत पंख्याखाली जरा आडवी झाले होते. डोळा लागत होता. एवढ्यात दंडाला कचकन काहीतरी टोचलं! किंचाळत उठले, तर पलंगापाशी सासूबाई. हातात माझा केसातला आकडा.

"आई! हे काय?"

"काय नाय गं," त्या शांतपणे म्हणाल्या आणि आकडा पदराला पुसला. "हालत नव्हतीस, डुलत नव्हतीस, नुसती जागच्या जागी वाढतेस. म्हटलं, टोपलीत ठेवायच्या आधी एकदा तपासावं."